सांधे, ताप आणि श्वास : एका बालरोगाची सव्वाशे वर्षे



गेल्या हळदीकुंकवाच्या वेळी आपल्या मंडळातील एका आईने मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला आहे. औषधे चालू आहेत, गुडघ्यांची सूज उतरली आहे, पोर पुन्हा फुटबॉल खेळू लागले आहे. पण गेल्या खेपेला डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन आणि फुंकर मारून घ्यायची श्वासाची तपासणी सांगितली. त्या म्हणाल्या, "भाऊ, दुखणं गुडघ्याचं, आणि फोटो फुप्फुसाचा कशाला? उगाच खर्चात पाडतात की काय?"

मी डॉक्टर नाही. तुआसच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा साधा माणूस. पण प्रश्न मनात घर करून राहिला. वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. म्हणून हा लेखप्रपंच. संपादकांनी चार पाने दिली आहेत, ती गोड मानून घ्यावीत.

१८९७ साल

१८९७ म्हटले की मराठी माणसाला प्लेग आठवतो. १० जानेवारीला मुंबईत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे टिळकांना तुरुंगवास झाला. आपल्याकडे हे सारे घडत असताना, त्याच वर्षी लंडनमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल नावाच्या एका तरुण डॉक्टरने मुलांच्या सांध्यांच्या जुनाट आजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात ते काम करीत होते. वय अवघे एकोणतीस.

त्यांच्या आधी कुणी हे पाहिलेच नव्हते असे नाही. पॅरिसच्या कॉर्निल यांनी १८६४ मध्ये, बारा वर्षांची असताना आजार जडलेल्या एका स्त्रीचे वर्णन केले होते. १८९१ मध्ये डायमंटबर्गर यांनी मुलांचे बरेच रुग्ण एकत्र मांडले होते. आपल्या वैद्यकातही 'माधवनिदान' या जुन्या ग्रंथात आमवाताचे वेगळे प्रकरण आहे. पण स्टिल यांनी २२ मुलांची नोंद करून एक गोष्ट ठासून सांगितली, की मुलांचा हा आजार म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे. काही मुलांना सांध्यांबरोबर ताप येतो, मानेतील व काखेतील गाठी वाढतात, पानथरी मोठी होते. शवविच्छेदनात त्यांना हृदयाचे आवरण चिकटलेले आढळले, फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याच्या खुणाही दिसल्या.

वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. हा आजार फक्त सांध्यांचा नाही, छातीपर्यंत जातो, हे पहिल्याच निबंधात लिहिलेले होते. पुढच्या शंभर वर्षांत ते थोडेसे विसरले गेले.

आजार ओळखायचा कसा

आज सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला संधिवात याला वैद्यकात एकच मोठे नाव आहे. पण त्या नावाखाली सात प्रकार येतात. त्यांतला एक प्रकार सबंध अंगाचा आहे. यात मुलाला दिवसातून एकदा, बहुधा संध्याकाळी, सणसणून ताप भरतो आणि काही तासांत उतरून अंग पुन्हा थंड होते. ताप चढला की अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठते आणि तापाबरोबर नाहीसे होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ मुलांच्या कातडीवर हे पुरळ चटकन दिसत नाही, म्हणून आईनेच उजेडात नीट पाहावे. सांधे कधी पहिल्या दिवसापासून सुजतात, कधी कित्येक आठवड्यांनी. तोवर टायफॉइड झाला, मलेरिया झाला, अशी औषधे होत राहतात. सांध्यांच्या या आजारात गुडघाच शेवटी दुखू लागावा, असा हा विचित्र प्रकार.

यालाच पूर्वी 'स्टिलचा आजार' म्हणत. मध्यंतरी नावे बदलली, अमेरिकेत एक आणि युरोपात दुसरे. १९९० च्या दशकात जगातल्या तज्ज्ञांनी बसून एकच वर्गीकरण ठरवले. मोठ्या माणसांनाही हाच आजार होतो हे इंग्लंडच्या बायवॉटर्स यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. अखेर २०२४ मध्ये युरोपच्या तज्ज्ञांनी मुलांचा आणि मोठ्यांचा आजार एकच मानून पुन्हा स्टिलसाहेबांचे नाव वर आणले. सव्वाशे वर्षांनी गाडी निघाल्या ठिकाणी आली.

ॲस्पिरिन, कॉर्टिझोन आणि एक तेलुगू शास्त्रज्ञ

योगायोग असा की ज्या १८९७ मध्ये स्टिल यांचा निबंध आला, त्याच वर्षी जर्मनीच्या बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झाले. पुढची कितीतरी वर्षे या मुलांना मुख्य आधार ॲस्पिरिनचाच होता. सुवर्णक्षारांची इंजेक्शनेही देत. ताप दबायचा, आजार मात्र आत चालूच राहायचा.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका जखडलेल्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळाले. जग आनंदाने वेडे झाले. पण थोड्याच वर्षांत दुसरी बाजू दिसली. स्टेरॉइडवर वाढणाऱ्या मुलांची उंची खुंटते, चेहरा गोल सुजतो, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. औषध सोडवत नाही आणि घेववत नाही अशी गत.

याच काळात इंग्लंडमध्ये टॅप्लो या गावी बायवॉटर्स आणि बार्बरा ॲन्सेल यांनी मुलांच्या संधिवाताचे खास केंद्र उभे केले. ती जागा मुळात हृदयाला इजा करणाऱ्या संधिवाती तापासाठी होती. पेनिसिलिनमुळे तो ताप कमी झाला आणि रिकाम्या खाटांवर स्टिलच्या आजाराची मुले आली. तिथे मुलांना व्यायाम, पाण्यातील कसरत, शाळा सारे एकत्र मिळे. बाकी जगाने हा धडा तिथून घेतला.

मग येते मेथोट्रेक्सेट. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली १९४० च्या दशकात फॉलिक ॲसिडला अटकाव करणारी औषधे तयार झाली, ती रक्ताच्या कर्करोगासाठी. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट अगदी छोट्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिले तर मुलांच्या संधिवाताला उपयोगी पडते, हे अमेरिका व सोव्हिएत रशियातील डॉक्टरांनी मिळून तपासले आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. शीतयुद्धात एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या दोन देशांचे डॉक्टर पोरांच्या गुडघ्यांसाठी एकत्र आले, ही गोष्ट मला फार आवडली. मात्र सबंध अंगाच्या प्रकारात, ताप आणि पुरळ यांवर, मेथोट्रेक्सेट फिके पडते. तिथे आणखी काहीतरी हवे होते.

तुआसच्या टाक्या

ते 'आणखी काहीतरी' आपल्या अंगणातले आहे.

तुआस हे नाव मलाय कोळ्यांच्या एका जुन्या पद्धतीवरून आले असे सांगतात. समुद्रात नारळाच्या झावळ्या टाकायच्या, सावलीला मासे जमले की जाळे ओढायचे. ते कोळीगाव गेले, भराव टाकून जमीन वाढली, कारखाने आले. आपल्यातले कितीतरी जण सकाळी बून ले किंवा जुराँगहून तिकडे जातात. २०१७ पासून मेट्रोही तुआस लिंकपर्यंत पोचली आहे. तिथल्या बायोमेडिकल पार्कमधून जाताना उंच उंच इमारती दिसतात. त्यांतल्या काहींमध्ये पोलादाच्या प्रचंड टाक्यांत जिवंत पेशी वाढवतात आणि त्या पेशींकडून औषध बनवून घेतात. ॲम्जेन कंपनीने २०१४ मध्ये तुआसला असा कारखाना सुरू केला, इतरही कंपन्यांचे आहेत. या औषधांना जैविक औषधे म्हणतात. पुष्कळदा चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी त्यासाठी वापरतात.

स्टिलच्या आजाराच्या जैविक औषधांचा शोध मात्र जपानमध्ये आणि अमेरिकेत लागला. आपले शरीर जंतूंशी लढताना काही निरोप्या रेणूंच्या हाती संदेश पाठवते. या आजारात जंतू नसतानाच हे निरोपे सुटतात, जणू आग नसताना बंब धावत सुटले आहेत. ओसाका विद्यापीठाच्या किशिमोतो आणि हिरानो यांनी १९८६ मध्ये त्यांतला 'इंटरल्युकिन सहा' हा निरोप्या पकडला. त्याला थांबवणारे टोसिलिझुमॅब हे औषध योकोहामाच्या योकोता यांनी ५६ मुलांना देऊन पाहिले. २००८ मध्ये तो अहवाल आला आणि जपानने मुलांसाठी परवानगी दिली. अमेरिकेने २०११ मध्ये दिली. दुसरा निरोप्या 'इंटरल्युकिन एक'. त्याला अडवल्यास मुले सुधारतात हे २००५ मध्ये व्हर्जिनिया पास्क्वाल यांनी नऊ रुग्णांत दाखवले. जी मुले खुर्चीला खिळत, ती शाळेत पळू लागली. स्टेरॉइडच्या गोळ्या कमी झाल्या.

आणि मग फुप्फुसे

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो.

या आजाराची एक भयंकर लाट असते. १९८५ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी तिचे वर्णन केले. ताप एकाएकी न उतरणारा होतो, रक्तातील पेशी झपाट्याने घटतात, यकृत बिघडते, रक्तस्राव होतो. शरीराच्या रक्षक पेशीच खवळून आपल्याच पेशी खाऊ लागतात. ही लाट वेळीच ओळखली नाही तर मूल हाती लागत नाही.

अशी लाट पुन्हा पुन्हा येणाऱ्या काही मुलांच्या फुप्फुसात वेगळेच काही चालले आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या युकिको किमुरा आणि सहकाऱ्यांनी अशा २५ मुलांची माहिती एकत्र केली. कुणाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता, कुणाच्या फुप्फुसाचे मऊ जाळे जाड झाले होते, कुणाच्या वायुकोशांत चिकट प्रथिने साठली होती. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक मुले वाचली नाहीत. पुढे २०१९ मध्ये आणखी मोठी, ६१ मुलांची पाहणी आली. फुप्फुसाचा आजार कळल्यानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते.

हे वाचून आई-बापांच्या पोटात गोळा येईल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. सबंध अंगाचा हा प्रकार मुळात मुलांच्या संधिवातात थोड्यांनाच होतो, पाश्चात्त्य देशांत दहातल्या एकाच्या आसपास. त्यांतल्याही बहुसंख्य मुलांची फुप्फुसे नीट राहतात. ज्या मुलांचे फक्त गुडघे, मनगटे सुजतात, त्यांना हा विशिष्ट धोका सहसा नसतो. आणि ज्या मुलांचे फार वाईट झाले तीच आधी मोजली गेली, हेही ध्यानात घ्यावे. आता लवकर शोधले जाते, म्हणून सौम्य रुग्णही सापडतात.

पण ते सापडतात कारण शोधले जातात. या रोगाची लबाडी अशी, की सांधे शांत असताना तो फुप्फुसात शिरू शकतो. २०१९ च्या पाहणीत कित्येक मुलांना सुरुवातीला खोकला किंवा दम असा काहीच नव्हता. दिसली ती एक वेगळीच खूण : बोटांची टोके फुगली, लाल झाली, नखे घड्याळाच्या काचेसारखी उपडी वाकली. फार लहान वयात आजार सुरू झालेली मुले, वारंवार ती भयंकर लाट आलेली मुले, डाऊन सिंड्रोम असलेली मुले आणि जैविक औषधाची जबर ॲलर्जी आलेली मुले यांच्यात हे जास्त आढळले. म्हणजे त्या डॉक्टरांनी फोटो सांगितला तो उगाच नाही. २०२४ च्या युरोपीय शिफारशींतही अशा मुलांची फुप्फुसे लक्षणांची वाट न पाहता तपासावीत असेच सांगितले आहे.

औषधानेच झाले का?

इथे एक वाद आहे, तो झाकून ठेवणे बरोबर नाही. फुप्फुसांचे हे रुग्ण जैविक औषधे आल्यानंतरच्या काळात जास्त दिसू लागले. मग औषधानेच झाले की काय? २०२२ मध्ये काही संशोधकांनी सांगितले की विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या मुलांना या औषधांची उशिरा उमटणारी ॲलर्जी होते व तिचा फुप्फुसांशी संबंध असावा. दुसरे तज्ज्ञ म्हणतात की जी मुले सर्वांत जास्त आजारी तीच ही औषधे घेतात, तेव्हा दोष आजाराचा की औषधाचा हे इतक्यावरून ठरत नाही. शिवाय पूर्वी अशी मुले लवकर जात, किंवा सीटी स्कॅन होतच नसे. वाद मिटलेला नाही. तोवर २०२४ च्या शिफारशी म्हणतात की फुप्फुसाचा आजार किंवा त्याची भीती असली तरी ही औषधे वर्ज्य नाहीत, निर्णय तज्ज्ञांनी मुलागणिक घ्यावा.

याचा आपल्यासाठी अर्थ एकच. हा लेख वाचून कुणीही घरच्या घरी इंजेक्शन बंद करू नये. आजार उलटला तर ती लाट परवडणारी नाही. शंका असेल ती डॉक्टरांना तोंडावर विचारावी. आपण मराठी माणसे डॉक्टरांपुढे मान हलवतो आणि लिफ्टमध्ये एकमेकांना विचारतो, ही सवय सोडावी.

नवे उपायही येत आहेत. इंटरफेरॉन गॅमा या निरोप्याला अडवणारे एमापालुमॅब हे औषध अमेरिकेत २०२५ मध्ये स्टिलच्या आजारातील त्या भयंकर लाटेसाठी मंजूर झाले. रस्ता बंद झालेला नाही.

आपल्या घरात

आता थोडे व्यवहाराचे. या आजाराच्या मुलाचा खोकला आपण कशावर ढकलतो ते पाहा. सिंगापूरला धुराचे दिवस आले की सगळ्यांचेच घसे धरतात. २१ जून २०१३ रोजी इथला हवेचा निर्देशांक ४०१ वर गेला होता, तो दिवस जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यात आपण तुआसच्या बाजूचे, तेव्हा कारखान्यांची हवा आहेच म्हणायला. एसीची थंडी, पावसाची ओल, थंड दूध हीही कारणे तयार असतात. बहुतेक वेळा तसेच असते. पण घरात हा आजार असेल तर खोकला दोन आठवडे रेंगाळला, जिना चढताना मूल थांबू लागले, किंवा खेळातून आपणहून बाजूला बसू लागले, तर धुरावर न ढकलता डॉक्टरांना कळवावे. बोटांसाठी एक सोपी परीक्षा आहे : दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख लावून धरायची. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसायला हवी. ती बुजली असेल तर दाखवायला न्यावे.

सुट्टीत भारतात जातानाही विचारून जावे. ही औषधे घेताना क्षयाचे जंतू डोके वर काढू शकतात, म्हणून आधी त्याची तपासणी करतात. घरी कुणी जुना खोकलेकरी असेल तर डॉक्टरांना सांगावे, लपवू नये. बीसीजी, गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी या काळात विचारल्याशिवाय टोचून घेऊ नयेत. आजीने प्रेमाने दिलेल्या पुड्यांबद्दलही तेच.

उपचाराची सोय इथे आहे. लिटल इंडियाजवळचे केके रुग्णालय आपल्याला ठाऊक आहे. कांडांग केर्बाऊ म्हणजे म्हशींचा गोठा. त्या गोठ्याच्या नावाच्या रुग्णालयात एका काळी जगात सर्वाधिक बाळंतपणे होत. १९९७ पासून ते बायकांचे आणि मुलांचे रुग्णालय म्हणून आजच्या जागी उभे आहे. तिथे मुलांच्या संधिवाताचे तज्ज्ञ बसतात. तुआसच्या टोकाहून जायला तासाहून अधिक लागतो, पण जावे. मुंबईतही परळचे वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ पासून आहे, आणि डॉ. राजू खुबचंदानी यांच्यासारख्यांनी बालसंधिवाताची वेगळी शाखा तिथल्या शहरात रुजवली आहे. पुण्याजवळच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखी मोजली, ती प्रौढांची. मुलांचे दुखणे मात्र अजूनही आपल्याकडे "वाढीचं दुखतंय" म्हणून सोडून दिले जाते.

असो. स्टिलसाहेबांनी १८९७ मध्ये फुप्फुसाच्या आवरणाची सूज लिहून ठेवली, तेव्हा त्यांच्याकडे ना स्कॅन होता ना औषध. मूल गेल्यावरच छाती उघडून पाहता येत होती. आज तीच गोष्ट मूल हसत-खेळत असताना, फुटबॉलच्या बुटांसकट टेबलावर झोपवून पाच मिनिटांत पाहता येते. त्या आईला मी हेच सांगितले. तिने स्कॅनची तारीख घेतली. फुप्फुसे स्वच्छ निघाली. पुढच्या वर्षी पुन्हा पाहायची आहेत.

इतिहास वाचायचा तो एवढ्याचसाठी.